युरोपातल्या गोगलगायी ओळखायचा घडीचा तक्ता + दहापट भिंग : वापरून मग लिहिलेला रिव्ह्यू

ज्यांची मुलं जर्मनीत, इंग्लंडात आहेत आणि जे नागपूरचं ऊन चुकवायला मे-जूनमध्ये तिकडे जाऊन राहतात त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहून राहिले. तिकडे घरात दिवसभर काय करायचं हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच पडतो. पोरं ऑफिसला जातात, टीव्हीवरचं कळत नाही, आणि बाहेर पाऊस भुरभुरत राहतो. त्या पावसात फुटपाथवर, कुंपणावर, पायरीवर जिकडे बघावं तिकडे गोगलगायी असतात, आणि त्या ओळखायला शिकलं की दुपार कशी गेली कळतच नाही.

वस्तू अशी आहे. लॅमिनेट केलेला लांब तक्ता, घडी घातली की पर्समध्ये मावतो, उघडला की दोन्ही बाजूंनी रंगीत चित्रं, आणि सोबत दहापट दाखवणारं छोटं घडीचं भिंग. उत्तर-पश्चिम युरोपातल्या नेहमी दिसणाऱ्या जमिनीवरच्या गोगलगायी त्यात आहेत. मजकूर इंग्रजीत, पण मोजका, चित्र बघत बघत समजतो. मी जायच्या आधी ऑनलाइन मागवला, नागपूरला घरपोच आला, पॅकिंग चांगलं होतं, कोपरे दुमडलेले नव्हते. कुरिअर धरून हजाराच्या थोडं वर गेलं. असे दोन-तीन तक्ते मिळतात आणि साधारण एकाच पद्धतीचे असतात, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, आणि एक काहून कापला ते खाली येईलच.

चार दिले त्याचं मोठं कारण म्हणजे हा तक्ता रंगावरून सुरू होत नाही. आपण कोणतीही गोगलगाय बघितली की पहिले म्हणतो पिवळी आहे, तपकिरी आहे, पट्टे आहेत, आणि चित्रात तसा रंग शोधतो, तिथंच सगळं चुकतं. हा तक्ता पहिला प्रश्न विचारतो की ही वाढलेली आहे का पिल्लू आहे. ते कळतं शंखाच्या तोंडाच्या कडेवरून. गोगलगाय वाढत असते तोवर ती कड पातळ आणि धारदार असते, पटकन तुटते. वाढ संपली की बऱ्याच जातींमध्ये ती कड जाड होते आणि बाहेर वळते, त्यालाच ओठ म्हणायचं. ओठ आलेला असेल तर पुढं जा, नसेल तर थांब, पिल्लांवरून नाव ठरवू नको, असं स्पष्ट लिहिलंय. मग शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं, तोंड उजवीकडे आलं का डावीकडे ते बघायचं. मग खालून बघायचं, मधोमध बेंबीसारखं भोक उघडं आहे, अर्धं झाकलंय का पूर्ण बंद आहे. मग मिलिमीटरमध्ये माप, आणि रंग-पट्टे अगदी शेवटी. तक्त्याच्या कडेला पट्टी छापलेली आहे, त्यामुळे माप घ्यायला वेगळं काही लागत नाही, ही सोय ज्यानं केली त्याला माझा नमस्कार.

आता उदाहरण देते म्हणजे समजेल. माझा मुलगा स्टुटगार्टजवळ राहतो, त्याच्या बिल्डिंगच्या मागं झुडपांचं कुंपण आहे, आणि पाऊस पडून गेला की त्यावर पिवळ्या, गुलाबी, तपकिरी, पट्ट्यांच्या, बिनपट्ट्यांच्या इतक्या गोगलगायी चढतात की कोणालाही वाटेल दहा-बारा जाती आहेत. नातवाला पण तसंच वाटायचं. तक्ता घेऊन बसलो तर त्यातल्या जवळपास सगळ्या दोनच जातींच्या निघाल्या. एक सेपिया नेमोरॅलिस, तिचा ओठ गडद चॉकलेटी, शंख २५ मिलिमीटरपर्यंत. दुसरी सेपिया हॉर्टेन्सिस, तिचा ओठ पांढरा आणि शंख जरा लहान, २० मिलिमीटरच्या आसपास. एकाच पानावर दोन पिवळ्याजर्द गोगलगायी बाजूबाजूला बसलेल्या, वरून बघितलं तर जुळ्या बहिणी, पट्टे पण पाच-पाच. त्यातली एक अलगद उचलून उलटी केली तर तोंडाची कड काळपट, ओली, चमकून राहिली होती, आणि दुसरीची एकदम पांढरीशुभ्र. नातू ओरडलाच, आजी ही वेगळी आहे! तेव्हापासून तो कोणतीही गोगलगाय आधी उलटी करून बघतो.

इथं तक्त्याचा प्रामाणिकपणा पण सांगायला पाहिजे. त्यात बारीक अक्षरात लिहिलंय की काही ठिकाणी नेमोरॅलिसचा ओठ पांढरा पण असतो, आणि शंकाच असेल तर आतले अवयव उघडून बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही. ते काम आपलं नाही, आणि त्या बिचाऱ्या जिवाला कापायची आपल्याला काही गरज नाही. पण तक्ता स्वतःहून सांगतो की माझ्यावर कुठवर विश्वास ठेवायचा, हे मला फार आवडलं.

पट्टे मोजायची रीत तर मला सगळ्यात जास्त आवडली. वरून खाली पाच जागा धरायच्या, पट्टा असेल तर त्या जागेचा नंबर लिहायचा, नसेल तर शून्य. पाचही असले तर १२३४५, फक्त मधला असला तर ००३००, एकही नाही तर ०००००. नातवानं वहीत रकाने आखले आणि आम्ही रोज कुंपण मोजायचो. असंच काम १९५०च्या दशकात ऑक्सफर्डच्या केन आणि शेपर्ड या दोघांनी केलं होतं. तिकडे सॉंग थ्रश नावाचा पक्षी आहे, तो गोगलगाय चोचीत धरून ठरलेल्या दगडावर आपटून फोडतो आणि त्या दगडाभोवती फुटलेल्या शंखांचा ढीग पडतो. या दोघांनी तो ढीग आणि आसपासच्या जिवंत गोगलगायी यांची तुलना केली आणि दाखवलं की जिथं जो रंग लपतो तिथं तोच जास्त वाचतो, म्हणजे पालापाचोळ्याच्या जंगलात तपकिरी-गुलाबी बिनपट्ट्यांच्या आणि गवत-कुंपणात पिवळ्या पट्टेवाल्या जास्त. २००९ साली तर युरोपभरच्या साध्या लोकांकडून हे पट्टे-रंग मोजून घेतले होते, इव्होल्यूशन मेगालॅब नावानं. म्हणजे आजी आणि नातू कुंपणाशी बसून जे करतात ते खरंखुरं शास्त्रच आहे, वेळ घालवणं नाही. तक्त्यात ही माहिती नाही बरं का, फक्त पट्टे मोजायची रीत आहे, एखादी ओळ याचीही दिली असती तर पोरांना अजून जोर आला असता.

त्या भागातली सगळ्यात मोठी म्हणजे हेलिक्स पोमॅशिया, रोमन स्नेल म्हणतात ती, जर्मनीत वाइनबेर्गश्नेके. पाच सेंटिमीटरपर्यंत शंख, मळकट क्रीम रंग, बेंबी बारीक आणि ओठानं अर्धवट झाकलेली. थंडीत ही जमिनीत शिरते आणि शंखाच्या तोंडाला चुन्याचं जाड झाकण करून घेते. स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाचा चुनखडीचा डोंगराळ पट्टा आहे, तिथं ही भरपूर, आणि पूर्वी तिथले लोक ही झाकण लावलेली गोगलगाय पिंपांत भरून डॅन्यूब नदीतून होडीनं व्हिएन्नाला विकायला न्यायचे, उपवासाच्या दिवसांत ती तिकडे चालायची म्हणून. आता जर्मनीत ही संरक्षित आहे आणि इंग्लंडमध्ये पण २००८पासून कायद्यानं संरक्षण आहे. त्यामुळे बघा, फोटो काढा, जागेवर सोडा. तक्त्यावर या चित्राशेजारी एक छोटी खूण आहे पण तिचा अर्थ मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात दिलाय, ही मोठी चूक वाटते मला, हे तर चित्राखालीच ठळक लिहायला पाहिजे होतं, कारण पोट्टे पहिले हीच उचलतात आणि खिशात घालतात.

आणि इथंच माझी मुख्य तक्रार आहे. तक्ता ब्रिटन डोळ्यांपुढं ठेवून केलाय. पहिलं मोठं चित्र कॉर्नू अ‍ॅस्पर्समचं, म्हणजे तपकिरी बागेतली गोगलगाय, सुरकुतलेला शंख, तुटक पट्ट्यांवर पिवळसर ठिपके, ओठ पांढरा आणि बेंबी बहुतेक बंद. लंडनला भाचीकडे गेलो तर ही प्रत्येक कुंडीमागं, अगदी ढिगानं. पण मुलाच्या घराजवळ मला ही दिसलीच नाही. तिथं ओलसर जागी, नेटल नावाचं अंगाला लागलं की आग आग करणारं झुडूप असतं त्याच्यात, अ‍ॅरियांटा आर्बुस्टोरम भरपूर. ती पण तपकिरी, तिच्यावर पण पिवळसर ठिपके, ओठ पण पांढरा. नवा माणूस पहिलं चित्र बघून तिलाच कॉर्नू म्हणणार, कारण अ‍ॅरियांटाचं चित्र मागच्या बाजूला आहे. फरक कळायला सोपा आहे, अ‍ॅरियांटा लहान असते, साधारण २० मिलिमीटरची, शंख गुळगुळीत आणि बहुतेक वेळा एकच गडद पट्टा गोल फिरलेला. पण दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी पाहिजे होती. एक स्टार यासाठी कापला.

डाव्या-उजव्याचा प्रश्न सुरुवातीला मला फालतू वाटला होता की सगळ्या उजव्याच तर आहेत, पण तसं नाही. भिंतीच्या फटीत, झाडाच्या सालीवर क्लॉसिलिया गटातल्या बारीक लांबोळक्या गोगलगायी असतात, त्यांचं तोंड डावीकडे. त्या आत शिरल्या की एक छोटी चुन्याची पाकळी सरकून दार बंद होतं, इंग्रजीत म्हणून त्यांना डोअर स्नेल म्हणतात. बाकीच्या बहुतेक जातींमध्ये डावी गोगलगाय फार दुर्मिळ. २०१६ साली लंडनमध्ये कंपोस्टच्या ढिगात डावी कॉर्नू सापडली होती, जेरेमी नाव ठेवलं तिचं, नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या अँगस डेव्हिसन यांनी तिच्यासाठी डावा जोडीदार शोधायला जाहीर आवाहन केलं, कारण उलट्या-सुलट्यांचं मीलन जमत नाही. जोडीदार मिळाले, पिल्लं झाली ती सगळी उजवी, आणि २०१७ला जेरेमी गेली. हे नातवाला सांगितलं तर तो दोन दिवस उदास होता.

नागपूरकरांसाठी यात एक घरचा धागा आहे म्हणून सांगते. आपल्या टाकळीच्या दगडांत फायसा नावाच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे जीवाश्म सापडतात, ज्या हिस्लॉप कॉलेजात आपल्यातले कितीतरी जण शिकले त्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनीच १८५०च्या दशकात इथले जीवाश्म गोळा करून त्यावर लिहिलं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला तो गाळ, साधारण साडेसहा कोटी वर्षं जुना. आणि फायसाचं तोंडही डावीकडेच असतं. तक्ता शिकवतो तसं टोक वर धरून बघितलं की कोणालाही ओळखू येईल.

भिंगाबद्दल. भिंग चांगलं आहे, पण वापरायची रीत कुठंच लिहिलेली नाही. डोळ्याला अगदी टेकवून धरायचं आणि वस्तू जवळ आणायची, हात लांब करून बघितलं तर काहीच दिसत नाही. नीट धरलं की काय दिसतं म्हणून सांगू! ट्रोक्युलस हिस्पिडस, सेंटिमीटरभराची चपटी तपकिरी गोगलगाय, नुसत्या डोळ्यांना मळकी वाटते, भिंगातून बघितलं तर शंखावर बारीक वळलेले केस उभे, केसांच्या टोकाला मातीचे कण अडकलेले, आणि खालून बेंबी उघडी. म्हातारी झाली की केस झडतात, मग ओळखणं अवघड. कुजक्या लाकडाखाली डिस्कस रोटुंडाटस, सहा-सात मिलिमीटरची, शंखावर आडव्या बारीक रेघा आणि तांबूस ठिपके, तंतोतंत छोटीशी चकली, बेंबी एवढी रुंद की आतली सगळी वेटोळी मोजता येतात. आणि ऑक्सिकायलस अ‍ॅलिॲरियस, काळपट चकचकीत, पाच-सात मिलिमीटरची, तिला हलकं डिवचलं की खरोखर लसणाचा वास येतो. तक्त्यात तिथं नाकाचं चित्र काढलंय, ते बघून सूनबाई पण आमच्यासोबत वास घ्यायला आली.

पण या बारक्यांच्या चित्रांत एक गडबड आहे. सगळी चित्रं मोठी करून एकाच मापाची छापली आहेत आणि खरं माप बाजूला एका बारीक रेघेनं दाखवलंय. दोन मिलिमीटरची व्हर्टिगो आणि वीस मिलिमीटरची सेपिया कागदावर सारख्याच दिसतात. रेघेकडे लक्ष गेलं नाही तर माणूस भलतीकडेच जातो, चष्मेवाल्यांनी तर विशेष जपावं. लॅमिनेशन पण चकचकीत आहे, ढगाळ हवेत ठीक, ऊन पडलं की तिरपा धरल्याशिवाय वाचता येत नाही. पावसाचं पाणी मात्र अजिबात आत शिरलं नाही, चिखल लागला तर नळाखाली धुतला. बिनशंखाच्या गोगलगायी, तिकडे केशरी-तपकिरी मोठाल्या रस्ताभर फिरतात त्या, यात नाहीतच, त्यासाठी वेगळा तक्ता घ्यावा लागतो आणि हे विकताना सांगत नाहीत.

मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारं एक अ‍ॅप पण मुलानं टाकून दिलं होतं. झटपट आहे, पण वरून काढलेल्या फोटोवर प्रत्येक पिवळ्या गोगलगायीला ते एकच नाव द्यायचं, ओठ दिसतच नाही तर ते तरी काय करणार. तक्ता वापरून मग फोटो कसा काढायचा ते कळलं, एक वरून, एक तोंडाकडून, एक खालून बेंबीचा. असे तीन दिले की अ‍ॅपचं उत्तर पण सुधारतं. मोबाइल आहे म्हणून तक्ता नको असं ज्यांना वाटतं त्यांनी हे करून बघावं.

आता महत्त्वाचं, हा तक्ता घेऊन अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सला जाऊ नका. परत आल्यावर इकडे पाऊस लागला तेव्हा मैत्रिणींनी लगेच विचारलं की आपल्या बागेतल्या ओळखून दे. नाही चालत. आपल्याकडे कुंड्यांमध्ये चपटी, पातळ, चकचकीत बदामी गोगलगाय असते ती मॅक्रोक्लॅमिस, हा तक्ता तिला सरळ ऑक्सिकायलसकडे नेतो, दोन्ही चकचकीत म्हणून. पण मॅक्रोक्लॅमिसच्या शेपटीच्या टोकावर छोटं शिंग असतं, ती युरोपातली नाहीच. आणि मोठी उंच शंखाची, तपकिरी पट्ट्यांची ती आफ्रिकन, आपले शेतकरी शंखी गोगलगाय म्हणतात ती. २०२२ साली मराठवाड्यात लातूर-बीडकडे सोयाबीनचं कोवळं पीक तिनं खाल्लं ते सगळ्यांना आठवत असेल. ती भारतात आली १८४७ला, बेन्सन नावाच्या इंग्रजानं मॉरिशसहून आणून कलकत्त्याला सोडली. म्हणून हात जोडून सांगते, नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी तिकडची जिवंत गोगलगाय डब्यात घालून इकडे आणू नका आणि इकडची तिकडे नेऊ नका. शंखी गोगलगायीला उघड्या हातानं हात पण लावू नका, तिच्यात मेंदूला त्रास देणारा जंत असू शकतो. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. तिकडच्या गोगलगायी हाताळल्यावर पण आम्ही हात धुवायचोच.

तिकडे हाताळताना बोटं ओली करून शंखाला धरा, काचेला चिकटली असेल तर ओढू नका, समोरून पानाचा तुकडा द्या, स्वतःहून चढते. आणि जिथून उचलली तिथंच ठेवा, पोरं दुसऱ्याच झाडावर ठेवतात.

घ्यायचं असेल तर पैसे वाचवायची एक गोष्ट. भिंगासोबतचा सेट घेऊ नका, नुसता तक्ता बऱ्यापैकी स्वस्त पडतो. दहापट भिंग आपल्या इतवारीत सराफ्याच्या आसपास मिळतं, सराफ तेच वापरतात, हातात घेऊन बघून घेता येतं. आणि ऑर्डरच्या आधी नमुन्याचा फोटो मोठा करून नावं वाचा. बागेतल्या गोगलगायीखाली हेलिक्स अ‍ॅस्पर्सा आणि केसाळ गोगलगायीखाली ट्रायकिया लिहिलेलं असेल तर तो जुना छापा आहे, कॉर्नू आणि ट्रोक्युलस असेल तर नवा. चित्रं जुन्यात पण ठीकच असतात, पण नेटवर अजून माहिती शोधायला गेलात की जुन्या नावांनी अडायला होतं. सेलरला मेसेज केला तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठवतात, मला पाठवले होते, तेव्हा बिनधास्त विचारा.